तिसऱ्या हाकेला

कर्नल हेल यांना जेवणाच्या सुट्टीआधी आणखी एक अर्ज उरकायचा होता. ते तसं तोंडाने बोलत नसत. मनगटावरचं घड्याळ काढून फायलीशेजारी ठेवत, एवढंच. लेफ्टनंट कर्नल इनेज बरेला त्या घड्याळाकडे बघून रोज चिडत असे आणि रोज गप्प बसत असे.

खोलीला खिडकी नव्हती. बाहेर व्हर्जिनियातला जुलै रस्त्याचं डांबर वितळवत होता आणि आत थंड हवेच्या यंत्राचा गारठा इतका, की मेजर डन्फीने गणवेशावर स्वेटर चढवला होता. लांब टेबल, भिंतीशी झेंडा, मधोमध आवाज नोंदवणारं छोटं यंत्र, पाण्याने भरलेला जग आणि तबकात पालथे घातलेले पेले. गैरवर्तनापायी सैन्यातून हाकललेली माणसं इथे येत आणि आपल्या कपाळावरचा शिक्का पुसून मागत. हे तिघे ऐकून घेत, मत देत. बहुतेक माणसं शिक्का घेऊनच परत जात.

"बोलवा त्याला," हेल म्हणाले.

डॅरेल स्ट्रूप आत आला. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातला माणूस. चाळिशीही गाठली नव्हती, पण चार पावलं चालून म्हाताऱ्यासारखा धापा टाकत होता. अफगाणिस्तानातल्या छावणीत जाळलेल्या कचऱ्याचा धूर त्याच्या फुप्फुसांत जाऊन बसला होता. माजी सैनिकांच्या दवाखान्यात त्यावर उपचार होता. पण असा शिक्का असलेल्याला त्या दवाखान्याचं दार बंद. शिक्का पुसला गेला तर तो आणखी काही वर्षं काढणार होता, नाहीतर ही निकामी होत चाललेली छाती त्याला हिवाळाही बघू देणार नव्हती.

त्याच्यासाठी एक खुर्ची होती आणि दुसरी टेबलाच्या कोपऱ्याशी, इनेजच्या डाव्या हाताला, त्याच्या वकिलासाठी. वकील त्याने आणला नव्हता. बसण्याआधी त्याने ती दुसरी खुर्ची थोडी मागे ओढली, कुणाला तरी बसायला जागा करून द्यावी तशी. मग एक पेला सुलटा करून भरला आणि त्या खुर्चीसमोर ठेवला.

डन्फी तरुण होता, त्याला राहवलं नाही. "मेसमध्ये हरवलेल्या सैनिकासाठी टेबल मांडतात ना, त्यावर पेला पालथा ठेवतात."

"हो सर. तो पिऊ शकत नाही म्हणून," स्ट्रूप म्हणाला. "हा पितो."

डन्फी ओशाळून हसला आणि उगाच सगळ्यांचे पेले भरत बसला.

इनेजने फाईल आधीच वाचली होती, आणि वाचताना तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गस्तीवर स्फोट झाला, पाठोपाठ वाळूचं वादळ आलं, आणि ओवेन टीग नावाचा कोवळा जवान दिसेनासा झाला. शोधायला गेलेल्यांना एक जळका बूट सापडला. कंपनीच्या कॅप्टनने तेवढ्यावरून तो मेल्याचं ठरवलं. एक बडे जनरल दोन दिवसांनी छावणीत यायचे होते. त्यांच्यासमोर मानवंदना झाली की बरं दिसेल, म्हणून घाईघाईने शोध थांबवून तो दिवस धरला. जनरलसाहेबांच्या सवडीने माणूस मेला!

अशा वेळी अंतिम हजेरी घेतात. बंदूक उभी करून तिच्यावर शिरस्त्राण ठेवायचं, खाली बूट. फर्स्ट सार्जंट एकेकाचं नाव पुकारतो, जो तो "हजर, फर्स्ट सार्जंट!" म्हणतो. मग मेलेल्याचं नाव. तीनदा, दर वेळी थोडं अधिक पूर्ण. उत्तर येत नाही, आणि ती शांतता भल्याभल्यांना रडवते. रांगेत टीगची जागा रिकामी सोडली होती, स्ट्रूपच्या शेजारी.

तिसऱ्या हाकेला उत्तर आलं. "हजर, फर्स्ट सार्जंट."

सावधान उभ्या रांगेत मान वळवायची नसते. कुणीच काही पाहिलं नाही. सगळ्यांनी फक्त ऐकलं, आणि आवाज स्ट्रूपच्या बाजूने आला म्हणजे तो स्ट्रूपचाच, असं ठरून गेलं. मेलेल्या मित्राची टवाळी, तीही जनरलसमोर. संध्याकाळी स्ट्रूप "तो जिवंत आहे, तो बोलला" असं ओरडत हुकूम मोडून फाटकाबाहेर पडला, दुसऱ्या दिवशी धरून आणला गेला आणि सैन्यातून हाकलला गेला. त्याच्या हकालपट्टीचे कागद निघाल्यावर मेंढपाळांना टीग सापडला. छावणीपासून तासाभराच्या वाटेवर, कोरड्या विहिरीत. बोटांची नखं झिजून गेलेली. डॉक्टर म्हणाले, तहानेने मेला. अंतिम हजेरी झाली तेव्हा जिवंत होता.

कॅप्टनला बढती मिळाली. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

"मिस्टर स्ट्रूप," हेल म्हणाले, "तुमच्या मनावर आघात झाला होता. तशा अवस्थेत माणूस ओरडतो. नियमात त्याला माफी आहे. मी ओरडलो, माझं चुकलं, एवढं म्हणा. पुढचं आमच्यावर सोडा."

"मी ओरडलो नाही, सर."

"मग कोण ओरडलं?"

"टीग."

हेलनी घड्याळ दोन बोटं सरकवलं.

इनेज पुढे वाकली. भुताखेतांवर तिचा काडीइतका विश्वास नव्हता. हा माणूस मित्राच्या दुःखाने ओरडला होता हे तिला लख्ख दिसत होतं, आणि त्याच्या हट्टाचा तिला हेलपेक्षाही जास्त राग येत होता. "स्ट्रूप, ऐका माझं. तो जिवंत आहे म्हणत होतात ते खरंच निघालं. आता एका वाक्यासाठी जीव घालवता? म्हणून टाका ना!"

"म्हटलं असतं हो, मॅडम. माझी बायको पण हेच म्हणते. दगड आहेस म्हणते." त्याने श्वास गोळा केला. "पण मी ओरडलो म्हटलं, की तो बोललाच नाही असं होतं. पोरगा विहिरीतून हजेरी देतो आणि एवढ्या कंपनीत तो आवाज त्याचा मानणारा मी एकटा. मी पण नाही म्हणू?"

त्याच्या बाजूने एकच साक्षीदार होता, रोस्को व्हीलन. त्या दिवशी नावं पुकारणारा फर्स्ट सार्जंट. तो आता ओक्लाहोमात म्हातारपण काढत होता. त्याला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईलसा केला.

"मी रांगेकडे तोंड करून उभा होतो," व्हीलन म्हणाला. "एकटा मीच. स्ट्रूपचे ओठ मिटलेले होते. मी बघत होतो त्याच्याकडे."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?" इनेजचा आवाज चढला.

"कुणी विचारलं नाही, मॅडम."

"विचारलं नाही! एका माणसाचं आयुष्य नासलं आणि तुम्हाला कुणी विचारलं नाही?"

म्हातारा म्हणाला, "पेन्शनला थोडे दिवस उरले होते. घाबरलो. शिव्या द्या, घेतो." आणि जरा थांबून, "तुमच्याकडे काही काम चाललंय का? भिंत खरवडल्यासारखा आवाज येतोय. अगदी फोनच्या जवळ."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खोलीत थंड हवेच्या यंत्राच्या घरघरीखेरीज काही नव्हतं.

"लाईन खराब असेल," हेल म्हणाले आणि फोन बंद केला.

स्ट्रूपला बाहेर बसायला सांगितलं. तो गेल्यावर इनेजचं लक्ष त्या पेल्याकडे गेलं. निम्मा झाला होता. बोलता बोलता त्यानेच प्यायला असेल, तिने मनात म्हटलं. खोलीत उन्हात तापलेल्या मातीचा वास येत होता.

"मतं," हेल यंत्राकडे बघून म्हणाले. "साक्षीदार अपराधी मनाने बोलतोय, त्याला किंमत नाही. अर्जदाराला पश्चात्ताप नाही. माझं मत, नामंजूर. मेजर?"

डन्फीने पेनाचं टोपण काढलं, लावलं. कर्नलसाहेबांच्या हाताखाली त्याला अजून वर्षं काढायची होती. "नामंजूर," तो टेबलाला म्हणाला.

"मंजूर," इनेज म्हणाली.

"दोनास एक. अर्ज नामंजूर." हेलनी घड्याळाचा पट्टा उचलला. "चला, जेवून घेऊ."

त्या 'जेवून घेऊ'ने तिचा बांध फुटला.

"थांबा, सर. तुम्ही अंतिम हजेरी कधी ऐकली आहे? रांगेत उभं राहून?"

"बरेला, हे—"

"नाही ऐकली. मी ऐकली आहे, माझ्या माणसांची. तिसऱ्या हाकेनंतर जी शांतता पडते ना, तिच्यात कुणाच्याही तोंडून 'हजर' निघेल. त्या शांततेसाठी तुम्ही माणूस मारताय. निदान ती ऐका तरी!"

ती उठून उभी राहिली. हात तिने पाठीमागे बांधले.

"जवान टीग!"

डन्फी समोरून तिच्याकडे बघत राहिला.

"जवान ओवेन टीग!"

थंड हवेच्या यंत्राची घरघर थांबली. विजेच्या दिव्यांना काही झालं नव्हतं.

"जवान ओवेन लुकास टीग!"

शांतता पडली. तिला हवी होती तीच.

"हजर, फर्स्ट सार्जंट."

तिच्या डाव्या हाताला. मुलाचा आवाज, घसा कोरडा पडलेला. शब्द ओठांवरून सोलून काढावेत तसा.

तिने मान वळवली नाही. वळवता आली नाही.

हेल पट्टा अडकवत होते. त्यांनी वर पाहिलं, सरळ तिच्याकडे, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "लाज वाटायला हवी तुम्हाला! मेलेल्या पोराच्या आवाजात नकला?"

"ती मी नव्हते, सर."

"आवाज तुमच्या बाजूने आला."

तिला हसू फुटेल की रडू, कळेना. बारा वर्षं स्ट्रूप याच जागी उभा होता, अगदी याच.

"हे यंत्र चालू आहे," हेल आता हळू बोलत होते. त्यांच्या कपाळावर त्या गारठ्यात घाम होता. "आवाज तुमचा होता एवढं म्हणा. भावनेच्या भरात झालं म्हणा. मी माझं मत बदलतो. त्याला दवाखाना मिळेल. बस्स, एक वाक्य."

एक वाक्य. मघाशी हेच तिने त्याच्याकडे मागितलं होतं. त्या वाक्यावर स्ट्रूप जगला असता. तिने तोंड उघडलं, आणि उजव्या हाताला असलेल्या दाराकडे पाहिलं. दाराच्या काचेपलीकडे स्ट्रूप सावधान उभा होता. छाती वरखाली होत होती. डाव्या अंगाला एका माणसाची जागा सोडलेली.

"आवाज माझा नव्हता," ती म्हणाली.

"मग अर्ज—"

"त्यांचे ओठ मिटलेले होते." डन्फी बोलला होता. तोंड राखेसारखं करडं पडलं होतं. "मी समोर बसलोय, सर. त्यांच्याकडेच बघत होतो. मला विचारलं नाहीत, पण मी सांगतो. ओठ मिटलेले होते." त्याने यंत्र स्वतःकडे ओढलं. "मेजर डन्फी. मी माझं मत बदलतो. मंजूर."

हेल घड्याळ टेबलावरच विसरून बाहेर गेले.

इनेज दाराबाहेर आली तेव्हा स्ट्रूप बाकावर बसला होता, एका टोकाला.

"मंजूर झाला," ती म्हणाली.

"मी ओरडलो, असं लिहून?"

"नाही. तुम्ही नाही ओरडलात, असं."

त्याने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मग नाक पुसून त्याने अगदी साध्या काळजीने विचारलं, "त्याचा पेला परत भरलात का, मॅडम? एकाने भागत नाही त्याचं."

ती आत गेली. रिकाम्या खुर्चीसमोरचा पेला कोरडा होता. तिने जग उचलला. त्यात थेंब नव्हता. हेलचा पेला, डन्फीचा पेला, दोन्ही कोरडे ठणठणीत.

तिच्या पेल्याला तिने तोंडही लावलं नव्हतं. तोही रिकामा होता, आणि काठावर बारीक पिवळी वाळू चिकटली होती, फुटलेल्या ओठांच्या आकाराची.