साहेबांची आंघोळ आणि काळी चकती

"गुहेत आधी मी शिरणार!" लिंबूने जाहीर केलं.

"तू? काल पाल बघून टेबलावर कोण चढलं होतं?" ठिणगी म्हणाली.

"ती पाल फार मोठी होती!"

पिशवीत दोरी, बॅटरी आणि बिस्किटं भरून झाली होती. तिघं निघणार तेवढ्यात गच्चीवरून मावशीचा आवाज आला, "अरे देवा! पुन्हा तेच!"

ठिणगीने पिशवी टाकली आणि जिन्याकडे धूम ठोकली. लिंबू, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तिच्या मागे. शेवटी चष्मा सावरत शंकासूर. हा मामाचा मुलगा. तो मावशीला आत्या म्हणायचा आणि शंका विचारून विचारून दिवसभर तिचं डोकं खायचा. सुट्टीसाठी तिघंही डोंगरमाथ्यावरच्या ढग-केंद्रात येऊन धडकले होते. खालच्या दोन खोल्यांत मावशी राहायची आणि गच्चीवर तिची यंत्रं.

एक यंत्र दिवसरात्र घरघरत हवा ओढायचं आणि कागदाच्या गोल चकतीतून गाळायचं. रोज सकाळी मावशी चकती बदलायची. पांढरीशुभ्र चकती एका दिवसात राखाडी व्हायची. आजची मात्र तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती!

"बघा बाई, बघा!" शेजारी उभे असलेले मोठे साहेब म्हणाले. ते काल दुपारीच तपासणीला आले होते आणि उतारावरच्या विश्रामगृहात उतरले होते. "मागच्या खेपेला आलो तेव्हाही हेच. तुमचं यंत्र तरी बिघडलंय, नाहीतर तुमचा हात तरी. अशा आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार? उद्याची चकती अशीच निघाली, तर सगळं खोक्यात भरून परत पाठवायचं. केंद्र बंद!"

साहेब तरातरा निघून गेले. मावशी कठड्याला टेकून बसली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते बघून ठिणगीला फार वाईट वाटलं.

"आत्या, एक शंका," शंकासूर हळूच म्हणाला. "हवा मोजून ढगांचं काय कळतं?"

मावशीने डोळे पुसले. "पिशवीत बिस्किटाचा पुडा आहे ना? तो तिघांत वाटला तर?"

"पोटभर!" लिंबू म्हणाला.

"आणि अख्ख्या शाळेत वाटला तर?"

"हॅ! चुरा येईल वाट्याला!"

"ढगाचंही तसंच होतं रे. वाफ तेवढीच, पण हवेत धुराचे कण वाढले की प्रत्येक कण थोडं थोडं पाणी धरून बसतो. थेंब होतात खंडीभर, पण इतके बारीक की खाली पडायला वजनच नाही. मग भरलेले ढग डोक्यावरून निघून जातात आणि खालची माणसं वर बघत राहतात. शिवाय हा धूर ऊन अडवतो. जमीन तापली नाही, तर समुद्रावरून पावसाचे वारे तरी जोराने कसे येणार? हे सगळं नीट दाखवायला मी इथे इतकी वर्षं काढली. आता गाशा गुंडाळायचा!"

"मुळीच नाही!" ठिणगी उसळली. "गुहा गेली खड्ड्यात! आपण याचा छडा लावायचा!"

संधी आयतीच चालून आली. रागाच्या भरात साहेब छत्री विसरून गेले होते. ती द्यायला तिघं संध्याकाळी विश्रामगृहावर गेले. मागच्या अंगणात मॅनेजरकाका दोरीवरच्या पांढऱ्या चादरी भराभर ओढत होते.

"काका, या तर ओल्याच आहेत की!" ठिणगी म्हणाली.

"पाऊस येतोय ना!"

तिघांनी वर पाहिलं. छान पिवळंधमक ऊन पडलं होतं.

"कुठून?" शंकासूरने विचारलं.

"येतो कधी कधी! छत्री दिलीत ना? पळा आता!"

ठिणगीच्या मनात पाल चुकचुकली. पळायचं नाटक करून तिघं पाण्याच्या टाकीमागे दडले. बघतात तर काय! मॅनेजरकाकांनी न्हाणीघरामागच्या बंबात टायरचे तुकडे कोंबले, वर प्लास्टिकच्या पिशव्या टाकल्या आणि काडी लावली. भस्सकन काळाकुट्ट धूर उठला!

"ईऽऽ!" लिंबूने नाक दाबलं.

शंकासूरने काठीला लोकरीचा धागा बांधून वर धरला. धागा फडफडला आणि थेट चढाकडे, मावशीच्या गच्चीकडे वळला.

"म्हणून साहेब आले की चकती काळी!" ठिणगी कुजबुजली. "त्यांच्याच सकाळ-संध्याकाळच्या आंघोळीचा धूर! सकाळी धुकं दाट असतं, त्यात तो दिसतच नाही, आणि संध्याकाळी मावशी खाली आकडे लिहीत बसलेली असते!"

"चला, साहेबांना सांगू!" लिंबू म्हणाला.

"थांब रे! काका म्हणतील लाकूड जाळलं. आपलं कोण ऐकणार? पुरावा हवा. लिंबू, तुझी बनियन काढ."

"माझी का? नेहमी माझीच का?"

"तुझीच तेवढी पांढरी आहे. शंकासूरची बघ, शाईचं दुकान झालंय."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता लिंबूची बनियन न्हाणीघरामागच्या झुडपावर वाळत पडली. मॅनेजरकाकांनी दोरीवरच्या चादरी आठवणीने आत नेल्या. झुडपाकडे मात्र त्यांचं लक्षही गेलं नाही!

पुढे जे व्हायचं तेच झालं. साहेब कडकडीत पाण्याने आंघोळ करून, भांग पाडून गच्चीवर आले. चकती काळीठिक्कर! मावशीने मान खाली घातली.

"खोकी मागवा," साहेब म्हणाले.

"साहेबकाका, आधी याचा वास घ्या!" ठिणगीने बनियन पुढे केली.

बनियनवर काजळीचे ठिपकेच ठिपके होते. साहेबांनी ती नाकाशी नेली आणि झटकन दूर केली. "शी! हे काय?"

"तुमच्या न्हाणीघरामागे पहाटेपासून वाळत होती. बंबात टायर जळतात!"

"आणि बनियन माझी आहे!" लिंबूने ठासून सांगितलं.

मॅनेजरकाकांना बोलावणं गेलं. बनियन बघताच त्यांचा चेहरा पडला. "काय करू साहेब? लाकडं सगळी ओली. गॅरेजवाला जुने टायर नेऊन टाका म्हणतो. मागे एकदा तुम्हाला पाणी कोमट लागलं, तर केवढे रागावलात! तेव्हापासून तुम्ही येणार म्हटलं की माझे हातपायच गळतात."

साहेबांचे कान लाल झाले.

"रागावू नका हो त्यांना," मावशी म्हणाली. "फक्त एक दिवस बंब बंद ठेवा."

तिसऱ्या दिवशी सकाळी विश्रामगृहातून "हुऽऽहुऽऽहुऽऽ!" असा आवाज आला. साहेबांची गार पाण्याची आंघोळ! थोड्या वेळाने ते शाल गुंडाळून, कुडकुडत गच्चीवर हजर झाले. मावशीने चकती काढली. चकती राखाडी होती!

"हुर्रे!" ठिणगी ओरडली.

लिंबू मात्र चकतीकडे टक लावून बघत होता. "मावशी, बंब तर बंद होता. मग ही पांढरी का नाही?"

मावशीने त्याला उचलून कठड्याशी नेलं. खाली दूरवर शहर पसरलं होतं आणि त्याच्यावर धुरकट, तपकिरी पट्टा लोंबत होता. गाड्या, भट्ट्या, चुली, पेटलेले कचऱ्याचे ढीग, सगळ्यांचा मिळून एक. एक भरलेला ढग त्यावरून तरंगत चालला होता.

"खाली किती बंब असतील गं?" लिंबूने विचारलं.

साहेबांनी त्या ढगाकडे पाहिलं. मग मावशीकडे वळून म्हणाले, "बाई, मी चुकलो. दोष यंत्रात नव्हता, माझ्या आंघोळीत होता. केंद्र इथेच राहील. आणि तुमचे हे तीन मदतनीस माझ्या मोठमोठ्या अधिकाऱ्यांपेक्षा हुशार आहेत!"

मावशीने तिघांना एकदमच मिठीत घेतलं. यावेळचं तिचं रडू बघून ठिणगीला मुळीच वाईट वाटलं नाही.

"साहेबकाका," लिंबू मध्येच म्हणाला, "उद्यापण गार पाण्यानेच ना?"

साहेबांनी शाल घट्ट ओढली, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "हो रे बाबा. उद्यापण."