सोबतीची बाई

नयना, ती मेणबत्ती जरा इकडे सरकव आणि ऐक. मात्र मध्येच “काहीतरीच हं मावशी” म्हणायचं नाही. विश्वास ठेव नाहीतर ठेवू नकोस, मला काय त्याचं!

त्र्याण्णव सालची गोष्ट. तुझे काका जपानात त्सुकुबाला एका प्रयोगशाळेत होते. सकाळी सायकलवर टांग मारून जायचे ते दिवेलागणीनंतरच उगवायचे. शहर कसं आखीवरेखीव, पण दिवसभर बोलायला चिटपाखरू नाही. एके दिवशी मी बटाटेवडे तळत होते आणि दारावर टकटक झाली.

बाहेर दोन पोरं. पांढरे शर्ट, टाय, हातात हेल्मेटं. एक ताडमाड अमेरिकन, हॅन्सन, आणि दुसरा जपानी, मियाके. मिसरूड धड फुटलेलं नाही आणि छातीवरच्या पाटीवर काय, तर ‘एल्डर’! मॉर्मन पंथाचे धर्मप्रचारक होते ते. घरदार सोडून दोन वर्षं परक्या मुलखात दारोदार हिंडायचं, कायम जोडीनंच राहायचं, चहा-कॉफीला शिवायचं नाही. मी सरळ सांगितलं, की बाबांनो, देव माझ्याकडे भरपूर आहेत, वडे खायला माणसं मात्र नाहीत. बसा. हॅन्सनचे वडील बटाट्याचे शेतकरी. बटाट्याचं असंही काही होतं हे त्या घराण्यात कुणाला ठाऊकच नव्हतं म्हणे. मग ती दोघं येतच राहिली. माझ्या सायकलचं पंक्चर काढायची, पोटभर खायची आणि खिदळायची. पोरं गुणी होती गं, फार लळा लागला मला त्यांचा.

हॅन्सनला एकच दुःख होतं. त्याची दोन वर्षं संपत आली होती, पण एकाही जपानी घरानं त्याला दुसऱ्यांदा आत घेतलं नव्हतं. जपानी माणसं गोड हसून दार लावून घेतात. आणि मग त्याला नोमुरा आजी भेटल्या. गावाबाहेर शेतात एकट्याच राहायच्या. त्या म्हणाल्या, दर गुरुवारी या. हॅन्सनला आभाळ ठेंगणं झालं. पण त्यांच्यात नियम असा, की एकट्या बाईच्या घरात या मुलांनी नुसतं दोघांनी बसायचं नाही, सोबतीला आणखी एक बाई हवी. त्यांच्या चर्चमधल्या बायका दुपारी कामावर. शेवटी घोडं माझ्यावाचून अडलं. सोबतीला बाई नाही तर आजी नाहीत! मला काय, मी एका पायावर तयार झाले.

घर जुनं, बुटकं. मागे बांबूचं बन. आत शिरलं की ओल्या चटयांचा आणि विझलेल्या उदबत्तीचा वास यायचा. चार वाजताच अंधारायचं, तरी आजी दिवा लावायच्या नाहीत. पोरं आपलं धर्माचं सांगायची. आजींचं तिकडे लक्ष कुठलं? त्या माझ्याकडे बघत बसायच्या. मी पदर कसा सावरते, कशी हसते, कप कुठल्या हातात धरते. मी मराठीत बोलायचे, त्या जपानीत, आणि आमचं छान चालायचं. फक्त एक होतं. आतल्या खोलीचं कागदी सरकतं दार पहिल्या गुरुवारी बंद होतं. दुसऱ्या वेळी बोटभर उघडं दिसलं. पुढच्या वेळी वीतभर. आत काळोख… आणि त्या काळोखात खळ घातलेल्या सुती साडीसारखी सळसळ. मी हातानंच विचारलं, आत कोण आहे? आजी हसून म्हणाल्या, अजून कुणी नाही.

अजून! मला वाटलं, माझं जपानी कच्चं.

मग एका गुरुवारी मी तापानं फणफणले. हॅन्सनचा फोन आला तेव्हा सांगितलं, आज काही जमायचं नाही बाबा. बिचारा हिरमुसला, पण म्हणाला, मग आम्ही दारातूनच चौकशी करून येतो. तुझे काका रजा काढून उशाशी बसले होते, मेतकूट-भात भरवत होते. संध्याकाळी पोरं संत्री घेऊन हजर. हॅन्सनचा चेहरा नुसता फुललेला. म्हणाला, “ताप असूनही आमच्या आधी येऊन बसलात, सुप्रभा-सान. किती हसवलंत आज आजींना!”

मी मियाकेकडे पाहिलं. तो थट्टा करणाऱ्यातला नव्हे. त्यानंही मान डोलावली.

तुझे काका तेव्हा स्वयंपाकघरात होते; नंतर सांगितलं तर त्यांनी तापातली बडबड समजून विषय झटकला.  पुन्हा त्या घरात पाऊल टाकायचं नाही, असं मात्र ठरवलं होतं मी. पण हॅन्सनला नाही म्हणवेना, जातच राहिले. ते दार आता सताड उघडं असायचं. आत बघायचं नाही, एवढं मात्र पाळलं.

पुढे तुझ्या काकांची तिथली मुदत संपली. शनिवारचं विमान. शेवटच्या गुरुवारी हॅन्सनचं तोंड एवढंसं झालेलं. त्याचे अजून काही आठवडे उरले होते, आणि सोबतीची बाई तर निघाली पुण्याला. आजींनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्या मुळीच रडल्या नाहीत. साडीत बूट घालायला मला वेळ लागतो, म्हणून मी आधी बाहेर आले आणि सायकलींपाशी उभी राहिले.

मागोमाग पोरं आली. हॅन्सन तर उड्या मारायचाच बाकी होता.

“थँक यू, सुप्रभा-सान! आधी का नाही सांगितलंत?”

“काय रे?”

“जाणं रद्द केलंत ते. आत्ता मागच्या दारानं परत आत आलात ना… म्हणालात, पुढच्या गुरुवारी मी आहेच.”

थंडीनं बोटं बधिर झाली होती. मी वळून त्या अंधाऱ्या घराकडे पाहिलं. मी नव्हते रे ती, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर काय झालं असतं, सांग? सोबतीला खरी बाई नव्हतीच, नियम मोडला, म्हणून पोरगं पुन्हा त्या घराची पायरी चढलं नसतं. दोन वर्षांत एक दार उघडलं होतं त्याच्यासाठी, तेही मीच लावून घेतलं असतं. आणि खरं सांगू? त्या घरात कुणाला ओरखडासुद्धा उमटला नव्हता. उलट सगळे हसतच होते.

“हो रे,” मी म्हटलं, “पुढच्या गुरुवारी.”

पोरं शीळ घालत पुढे निघाली. मी हातमोजे चढवत मागे राहिले. आत दिवा नव्हताच. बांबूच्या बनात वारा होता, तरी आजींचा आवाज स्वच्छ ऐकू आला. त्यांनी जपानीत कुणाला तरी विचारलं, गेली का?

आणि आतल्या काळोखातून, नयना, माझ्या या आवाजात, मराठीत उत्तर आलं.

“गेली बाई एकदाची.”

मग दोघी हसल्या.