अक्काच्या आवडीची पोळी

मी नववीपर्यंत शिकलेली बाई. भूतखेत, करणी, भानामती कधी मानली नाही अन् आजही मानत नाही. झालं तेवढंच सांगते.

लातूर जिल्हा नवा झाला, त्या दुष्काळी साली माझं लग्न लागलं. नवरा माणिकप्पा, माझ्या थोरल्या बहिणीचा, मल्लम्माचा नवरा. अक्का वारली अन् सहा महिन्यांत अप्पांनी, माझ्या वडिलांनी, मला त्याच उंबऱ्यात लोटलं. "घर माहितीतलं हाय, शिवकांता," म्हणाले. माहितीतलं! उदगीरकडच्या आमच्या घरात करडीचं तेल अन् जवसाची चटणी. इथं शेंगदाण्याचा व्यापार. तेल शेंगांचं, चटणी शेंगांची, प्रत्येक भाजीत कूट. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, त्याचा भारी तोरा.

पंधरा दिवसांत अंगावर लाल गांध्या उठल्या. ओठ खाजायचे, पोटात पिळवटायचं, दोन पायऱ्या चढले की धाप लागायची. शेजारणी म्हणाल्या, टँकरचं पाणी बाधलं. मी पाणी उकळलं, गाळलं, तुरटी फिरवली. काडीचा फरक नाही. जिल्हा झाला म्हणून शहरात नवे डॉक्टर आले होते. त्यातल्या एकानं पापणी ओढून बघितली. "रक्त कमी आहे. रोज मूठभर शेंगदाणे-गूळ खात जा." खाल्ले बाई, इमानानं खाल्ले.

आत्याबाईंचं निदान वेगळं होतं.

"मल्लम्मा लागलीय हिच्या मागं. सवत हाय शेवटी."

"बहीण आहे माझी."

"बहीण असंल म्हायेरी."

त्यांनी अक्काच्या नावाचा चांदीचा टाक घडवून माझ्या गळ्यात बांधला. दर अमावस्येला तिच्या नावानं पान वाढायचं, घटकाभर ठेवायचं, मग ते मीच खायचं. पानावर तिच्या आवडीची शेंगाची पोळी. आत कूट-गूळ, वर तूप.

"तिला आवडायची हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"मरताना हातात तीच होती की," आत्याबाई म्हणाल्या.

पहिल्या अमावस्येला पान उचलायला गेले तर पोळी ताटाबाहेर, फरशीवर. भात, वरण जागच्या जागी. मेल्या उंदराचं काम, म्हणलं, अन् झटकून खाल्ली. दोन दिवस अंथरुणात होते.

दुसऱ्या अमावस्येला दार लावून समोरच बसले. तांब्या घ्यायला वळले, तेवढंच. पोळी ताटाच्या काठावर, निम्मी बाहेर. तुपात एक बारीक घसर, करंगळी ओढल्यासारखी.

लहानपणी भाकरी गरम असली की अक्का ती माझ्या ताटात करंगळीनं कडेला सारायची. "थांब," म्हणायची.

मी थांबले. ती पोळी गुपचूप म्हशीला घातली. महिनाभर कोरडी भाकरी, मीठ, मिरची, बाकी कशाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी गांध्या बसल्या. पंधराव्या दिवशी मी एका दमात माडी चढले अन् वर जाऊन ढसाढसा रडले.

ह्यांना सांगितलं, "मला शेंगा बाधतात. अक्कालाही त्याच बाधल्या असतील."

"शेंगा? अगं लेकरंबी खातात," हे म्हणाले. "येडी झाली काय?"

मग वेळा अमावस्या आली. आमच्याकडं त्या दिवशी सारं गाव शेतात जेवतं. ज्वारी गुडघ्याएवढीच वाढून वाळली होती, तरी कडब्याची कोप, छोटी खोपटी, उभी केली, पूजा मांडली, पाहुणे बसले. अक्काचंही पान वाढलं.

ह्या वेळी मी नजर काढली नाही.

पोळी हळूहळू सरकली. काठावर आली. मातीत पडली.

"वारा सुटलाय," आत्याबाई म्हणाल्या. कोपीचं एक पातं हलत नव्हतं.

त्यांनी पोळी उचलली, माती झटकली, माझ्या हातात दिली. "खा. तिचा मान हाय."

"आत्याबाई, मी मरेन."

"नाटकं पुरे झाली."

पाहुणे बघत होते. ह्यांनी मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेसाठी मी घास घेतला. त्याचा राग अजून येतो, अन् तो माझाच येतो.

ओठ. जीभ. मग गळा.

बैल जुंपेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आता नागम्मा आलीय, आमची धाकटी. अप्पांना घर माहितीतलं ना! तिच्या अंगावर पंधरा दिवसांत गांध्या उठल्या. गळ्यात दोन टाक आहेत. आज अमावस्या, पानावर दोन पोळ्या.

"शिवकांताला लई आवडायची," आत्याबाई तिला सांगतात. "मरताना हातात तीच होती."

आम्ही दोघी जोर लावतो. पोळ्या काठापर्यंत जातात. आमच्याच्यानं एवढंच होतं.

नागम्मा थबकते. तुपातली घसर बघते. भाकरी गरम असली की तिलाही मी अशीच थांबवायचे.

"शिवक्का?" ती पुटपुटते.

"काय गं?" दारातून आत्याबाई.

"काही न्हाई."

ती तुकडा मोडते. चावते. मग हाताच्या पाठीनं हळूच ओठ खाजवते.