दार लागू देऊ नका

चतुराबाईवर कोणीच विश्वास ठेवला नाही. नवरा हसला. शेजारणींनी तोंडाला पदर लावला. कॉलेजातल्या साहेबांनी तर टेबलावरचा पंखा तिच्याकडे वळवून दिला, ऊन लागलेल्या म्हशीला सावलीत बांधावं तसा. आणि तिला जास्त राग याचा होता, की विश्वास न ठेवायला लोकांजवळ तिचेच शब्द होते. आपल्या भातकुली गावात कोणाच्या दाराला लिंबू-मिरची लटकलेली दिसली की ओढून नालीत फेकणारी बाई ती. भूत नसते, मेलं ते मेलं, विहारात येऊन बसा अन् डोकं चालवा, असं तिनं अख्ख्या मोहल्ल्याला ठणकावून सांगितलं होतं.

"आता काहून व?" देवराव, तिचा नवरा, खाटेवर लोळत म्हणाला. "तुह्या मेलेल्या बाईनं परीक्षा घेतली कशी?"

"घेतली. अन् जित्या मानसापेक्षा बरी घेतली," चतुराबाई म्हणाली, आणि भाकरीचं पीठ असं आपटलं की देवराव उठून बसला.

झालं होतं असं. तिची पोरगी पायल बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, अमरावतीच्या एका कॉलेजात. चतुराबाई स्वतः चौथी शिकलेली, तिथल्याच राजापेठेत भाजी विकणारी. पोरीनं वनस्पतीशास्त्र घेतलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, की भाजीवालीची पोरगी झाडपाल्याचं नाही शिकणार त कोणाची शिकंल? पोरगी हुशार निघाली. पण ऐन प्रॅक्टिकलच्या आठवड्यात टायफॉइडनं आडवी झाली आणि तिची बॅच हुकली.

विद्यापीठाचा नियम मोठा कडक. लेखी पेपरात कितीही मार्क पाडा, प्रॅक्टिकलला गैरहजर लागलं की तो विषय नापास. शेवटचं वर्ष, म्हणजे पदवी अडकली, अकोल्याला पुढं शिकायला जायचं होतं तेही अडकलं. आणि देवरावनं आधीच सांगून ठेवलं होतं, वर्ष गेलं तर पोरगी घरी, अन् दिवाळीनंतर सोयरीक. पायल हे ऐकून तापात भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती. ती रडली असती तर चतुराबाईला बरं वाटलं असतं.

म्हणून चतुराबाई उठली आणि विभागाचे मुख्य चंदन सर, त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. माणूस गोड बोलणारा. "नियमात बसते, बाई," ते म्हणाले. "आजारी पोरीला दुसऱ्या बॅचसोबत बसता येते. दवाखान्याचा कागद द्या, अन् शेवटच्या बॅचला दुपारी या. अकोल्याहून बाहेरचे परीक्षक येतात, त्यांच्या कानावर घालतो मी."

एक गोष्ट मात्र सरांनी सांगितली नाही, कारण ती सांगायची असते हे त्यांच्या डोक्यातच आलं नसेल. कागदावर प्रॅक्टिकल दुपारभर चालते. पण मे महिन्याच्या उन्हात कोण दुपारभर बसते? पोरांना सकाळीच बोलावून घेतात, तासाभरात सगळं गुंडाळतात, आणि मग बाहेरून आलेल्या पाहुण्याला जेवायला नेतात. बॅचमधल्या पोरांना हे आपोआप कळते. खाटेवर पडलेल्या पोरीला कोण कळवणार?

तर मायलेकी बरोबर दुपारी पोचल्या.

कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. ऊन असं, की समोरच्या मैदानावरची हवा पाण्यासारखी हलत होती. लाइट गेलेली. वरच्या मजल्यावर लांब वऱ्हांडा, आणि त्याच्या टोकाला लॅब. पायलनं आईचा हात धरला होता. तापातून उठलेला हात, तरी चतुराबाईला तो गरम लागला, कारण जसजशा त्या टोकाकडे जाऊ लागल्या तसतशी पायाखालची फरशी गार होत गेली. चपलेतूनही कळावी इतकी गार. औषधात बुडवलेल्या झाडपाल्याचा, बरण्यांचा वास येत होता.

लॅबचं दार अर्धं उघडं होतं.

आत खिडकीजवळ एक मॅडम बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी. खोली विहिरीसारखी थंड, आणि मॅडमच्या कपाळावरून, मानेवरून घाम नुसता निथळत होता. त्यांनी तो पुसला नाही.

"ये," त्या म्हणाल्या. "तुझीच राहिली होती ना? बस."

चतुराबाई मागून आत शिरायला लागली, तर त्यांनी हात वर केला. "बाई, परीक्षा सुरू असताना बाहेरचं माणूस आत नको. नियम आहे. तुम्ही उंबऱ्यात बसा." मग थोडं थांबून, आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "पण दार लागू देऊ नका..."

चतुराबाई उंबऱ्यात बसली. पाठ दाराला, पाय चौकटीला.

परीक्षा कशी झाली म्हणता! मॅडमनी पोरीला एकसुद्धा पायरी सोडू दिली नाही. देठ कापायला लावला. "पातळ काप. अजून पातळ. घाई नको, पूर्ण वेळ तुझा आहे." मग रंग चढवायला लावला, काचेवर ठेवायला लावला, सूक्ष्मदर्शकातून पाहून चित्र काढायला लावलं. पोरीचा काप जाड निघाला तर त्या नवा देठ पुढं सरकवत. चतुराबाईला शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा वाटलं, की शिकवणारं माणूस असं असते.

तेव्हाच दारानं तिला मागून ढकललं.

वारा असंल, तिला वाटलं. पण बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. पुन्हा ढकललं. माणूस खांदा लावून ढकलते तसं, दमानं, जोर वाढवत वाढवत. तिनं मान वळवून वऱ्हांड्यात पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. आणि दाराच्या बाहेरची लोखंडी कडी आपोआप हळूच वर उठत होती.

"कोन हाये रे?" ती ओरडली. "कोन होय तो मुडदा?"

पायलनं काचेवरून डोळे उचलले. "आई...?"

"तू आपलं काम कर!"

मॅडमनी मान वर केली नाही. पण त्यांचा श्वास बदलला होता. छातीत शिटी वाजावी तसा येत होता. "बाई... दार..."

"धरलं मॅडम, धरलं," चतुराबाई दात आवळून म्हणाली. "तुमी घ्या तुमची परीक्षा. माह्या अंगावरून गेल्याबिगर हे दार नाही लागत."

आणि ती हलली नाही. आयुष्यभर भाजीची टोपली वाहिलेली पाठ होती ती. दार रेटत राहिलं, ती रेटत राहिली. आत मॅडम प्रश्न विचारत होत्या, पोरगी उत्तरं देत होती, आधी अडखळत, मग खणखणीत. शेवटी मॅडम म्हणाल्या, "उत्तम. जा आता." त्याच क्षणाला दार सैल पडलं.

मायलेकी खाली उतरल्या तोच फाटकापाशी एक गाडी येऊन थांबली. आत चंदन सर, आणि बाजूला पान चघळणारे एक जाडे गृहस्थ.

"अरे, तुम्ही आत्ता आल्या?" सर म्हणाले. "बॅच तर सकाळीच आटोपली. पायलची गैरहजेरी लागली, बाई. काय करणार आता..."

"गैरहजर कशी? मॅडमनं घेतली न परीक्षा! आत्ता!"

"कोणत्या मॅडम? परीक्षक हे बसले. अन् लॅबला कुलूप आहे. लॅबवाला नत्थुजी कुलूप लावून अकोल्याला लग्नाला गेला, चावी त्याच्या खिशात."

चतुराबाईनं मॅडमचं वर्णन सांगितलं. साडी, चष्मा, घाम. पानवाले गृहस्थ हसले. चंदन सर हसले नाहीत. ते म्हणाले, ऊन लागलं तुम्हाला, आणि लाइट आली तसा तिला ऑफिसात नेऊन तो पंखा वळवून दिला. रात्री पायलनं आईचा खांदा पाहिला तर काळानिळा पडला होता. कुलपाच्या आत बसलेली बाई जिती नव्हती, असं म्हणत तो खांदा चतुराबाईनं साऱ्या मोहल्ल्याला दाखवला. कोणाला काही पटलं नाही.

मग निकाल लागला. पायलनं मोबाइलवर पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मोबाइल आईच्या मांडीवर टाकून ओक्साबोक्शी रडली. पास. प्रॅक्टिकलला अख्ख्या बॅचमध्ये सगळ्यात जास्त मार्क. चंदन सरांना फोन केला. "मी स्वतः गैरहजर भरलं होतं..." एवढंच म्हणाले. सोयरीकवाल्यांना देवरावनं आपल्या तोंडानं नकार कळवला.

आता सांगा, एवढे उपकार झाल्यावर घरी बसून राहायचं? चतुराबाईनं पेढे घेतले आणि कॉलेज गाठलं.

लॅबवाला नत्थुजी वऱ्हांड्यात स्टुलावर बसला होता. निवृत्तीला आलेला, मेंदीनं केस लाल केलेला, बोलका माणूस. तिनं मॅडमचं सांगितलं तसं त्याच्या तोंडचं हसू जागच्या जागी राहिलं.

"गीतांजली मॅडम," तो म्हणाला. "अकोल्याहून येत. लय जुनी गोष्ट हाये, बाई. असाच उन्हाळा होता. पोरं गेली, मॅडम आत मार्क भरत बसल्या. कोनं तरी बाहेरून कडी लावून देल्ली. दम्याची बाई... सांजीले उघडलं तवा संपलं होतं सारं."

"कोनं लावली कडी?"

"देवमननं. शिपाई होता इथं. कबूल नाही झाला, पन कामावरून काढला त्याले. तवापासून चावी माह्याकडं."

देवमनला चतुराबाई चांगली ओळखत होती. भातकुलीचाच. चौकातल्या ओट्यावर दिवसभर मान खाली घालून बसलेला म्हातारा. त्याची बायको तिच्याच बाजूला भाजी विकायला बसे, आणि भांडण झालं की लोक तिला म्हणत, चाल व, खुन्याची बायको.

"मॅडम चांगल्या होत्या का स्वभावानं?" तिनं विचारलं.

"कडक! परीक्षेच्या आधी मी पोराइले स्लाइडा दाखवतो म्हने. वर साहेबाइले माह्यं नाव कळवीन म्हने. आता सांगा, गरिबाच्या पोराइले मदत केली त कोनाचं काय जाते?" नत्थुजीनं कुलूप काढलं, दार ओढून उघडलं आणि दोन पावलं मागे सरला. "तुमी जा. मी नाही येत. मले आतला वास सोसत नाही."

चतुराबाई एकटीच आत गेली. दिवस चांगला उजेडाचा, खिडकीतून ऊन आलेलं, तरी फरशी गार. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. तिनं टेबलावर पेढ्यांचा पुडा सोडून ठेवला आणि हात जोडले.

"मॅडम, मी चतुरा. पायलची आई. पोरगी पास झाली जी. अकोल्याले चालली शिकाले. जित्या मानसाइनं तिले खोडून टाकलं होतं, तुमी तिले बसवलं, सारं नियमानं केलं, कोनापुढं भीक नाही मांगू देली. मी भुताले मानत नाही. आजही नाही मानत. तुमाले मात्र मानतो. तुमचं हे देनं माह्यानं फिटत नाही..."

खोलीत काहीच हललं नाही. मग खुर्चीच्या बाजूनं, अगदी बारीक, छातीतली शिटी ऐकू आली.

चतुराबाई भ्याली नाही असं नाही. पण तिला देवमनच्या बायकोचं तोंड आठवलं.

"मॅडम... एक इचारतो. देवमन ओट्यावर बसून मरून राहिला जी. त्या दिवशी... कडी कोनं लावली?"

तिच्या मागं दार हललं.

ती वळली आणि धावून दाराला पाठ लावली, पाय फरशीत रोवले. तोच रेटा. तीच दमानं वाढणारी ताकद, मागं काळानिळा पडला होता त्याच खांद्यावर. फरक एवढाच, की आज दारापलीकडे कोणाचा तरी श्वास ऐकू येत होता, आणि कडीवर बोटं फिरल्याचा आवाज.

"बाई..." बाहेरून कोणी हळूच म्हणालं. "टाइम झाला... दार लावा लागते..."

रिकाम्या खुर्चीवर घामाचे दोन थेंब पडले. आणि परीक्षक आपल्या जागेवरून पुढच्या पोराला आत बोलावते ना, तशा शांत, स्वच्छ आवाजात खोलीतून हाक आली:

"पुढचा... नत्थुजी."