तिसऱ्या हाकेला

भारतला लाज म्हणून उरली नव्हती. पन्नाशीला टेकलेला बाप्या, कुरकुंभच्या कंपनीत मॅनेजर, आन् रविवारी सकाळी गुलाबी टोपी घालून एकाच हातात मोजा चढवतो!

"दुसऱ्या हातानं काय घोडं मारलंय?" रंगुबाईनं विचारलं, तशी सून सारिका तोंड फिरवून हसली.

दौंडच्या अलीकडं, भीमेच्या काठाला नवं गोल्फचं मैदान झालं होतं. आईला ते दाखवायचंच, असा भारतचा हट्ट. भारतच्या जन्माआधीपासून रंगुबाई त्या काठाला फिरकली नव्हती. पण म्हातारी भ्याली असं सुनेनं म्हटलेलं तिला खपलं नसतं. म्हणून ती बॅटरीच्या गाडीत ताठ बसून आली.

मैदान नव्या सतरंजीसारखं. औषधाला दगड न्हाई. बाभळी मुळासकट काढलेल्या. पण नदीचं वळण तेच होतं, काठची पाणकणसंही तीच. पाण्यालगत एका भोकात लाल निशाण रोवलेलं. रंगुबाईनं तिकडं एकदाच पाहिलं.

भारतनं काठी फिरवली. चेंडू वाकडा होऊन पाणकणसांत शिरला. तोंडाशी हात धरून तो ओरडला, "फोर!"

रंगुबाईच्या हातातली बाटली सुटली. "कुणाचं पोर? कुणाला बोलावतुयास?"

"पोर न्हाई गं आई, फोर! इंग्रजी हाय. चेंडू वाकडा गेला की माणसं सावध करायची."

"हितं हाक मारायची न्हाई."

"का पण?"

का ते काठावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. बारशाआधी गेलेली लेकरं गाव इथं मातीत ठेवायचं. खाली मीठ, वर बाभळीची फांदी. परतताना मागं बघायचं न्हाई, आन् इथं कुणालाच हाक द्यायची न्हाई. दोन हाका नदी गिळते. तिसरीला ज्याला बोलावलं तो ओ देतो.

भारतच्या आधीचा तिचा पोरगा नऊ दिवस जगला होता. त्याचं ठाऊक असलेले सगळे आता गेले. भारतला सारं गाव थोरला म्हणायचं, आणि रंगुबाईनंही तसंच म्हणू दिलं होतं.

"मी सांगते म्हणून," ती म्हणाली.

चेंडू शोधायला गेले, तर तो पाणकणसांच्या बाहेर, कापलेल्या गवतावर येऊन बसलेला. ओला. त्यात बाभळीचा काटा रुतलेला.

"कुत्र्यानं आणला असंल," सारिका म्हणाली.

भारतनं काटा उपटला. बोटांना पांढरी भुकटी लागली, ती त्यानं पँटला पुसली. रंगुबाईला ती चाखायची गरज नव्हती.

तिथूनच मारलेला दुसरा चेंडूही पाण्याकडंच गेला.

"फोर!"

मैदानावरचे पाण्याचे फवारे थांबले. वारा नव्हता, तरी पाणकणसं मधोमध दुभंगली.

"भारत, घरला चल."

"आई, एकच!"

तिनं त्याचा मोज्यातला हात घट्ट धरला. सांगितलं तर पोरगा वाचणार होता. "तुझ्या आधी..."

"काय आत्याबाई?" सारिकानं कान पुढं केला.

सुनेसमोर ते सांगायला रंगुबाईला जमेना. "काय न्हाई. ऊन लागतंय."

हात सुटला. काठी फिरली.

"फोर!"

"ओ."

आवाज लेकराचा नव्हता. वयात आलेल्या, थोराड गड्याचा होता. थेट भारतसारखा.

"तुम्हीच म्हणालात ना?" सारिकानं विचारलं.

भारतनं नकारार्थी मान हलवली.

तिघं गाडीत बसली. भारतनं गाडी सुरू केली.

मागची रिकामी सीट करकरत खाली दबली.

सारिकाचे डोळे मिटलेले. ओल्या चिखलाचा वास आला, आणि मिठाचा.

"कोण हाय रं?" मान वळवत भारत बोलला.

रंगुबाईनं मागं पाहिलं नाही. पदर डोक्यावर घेतला आणि सरळ समोर बघत म्हणाली,

"अरं-तुरं करू नको, भारत. दादा म्हण. थोरला हाय त्यो तुझ्यापरीस, आन् तूच बोलावलंयस त्याला."