ओठांना जाड लागतंय का?

विश्वास बसत नसेल तर खुशाल हसा. मी मात्र तिथे होते. माझ्या या कानांनी ऐकलंय.

जागा जपानच्या डोंगरांतल्या त्सुवानो गावातली. कुरामित्सू गुरुजींचं घर. फेब्रुवारीतली दुपार होती आणि सकाळपासून बर्फ पडत होता. असल्या गोष्टी रात्रीच घडतात म्हणे. ही भरदिवसा घडली. घरात आम्ही तिघं होतो.

दिसायला तरी तिघंच...

पण आधी माझ्या ताईबद्दल सांगायला हवं.

मी चिझुरू. हागी गावात माझं चहाच्या भांड्यांचं दुकान आहे. जुनी भांडी घेते, नवी विकते. माझी थोरली बहीण फुसाए. तिला चहाच्या जुन्या वाडग्यांचं वेड. नुसतं वेड नाही, तिनं त्यात आयुष्य घातलं. हागीचा वाडगा नवा असताना पाणी झिरपू देतो. मग वर्षानुवर्षं चहा त्याच्या अंगात मुरतो, आणि त्याचा रंग बदलत जातो. असा पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला वाडगा दिसला की ताई जेवण विसरायची.

आणि तिच्याच पोटी मिनोरी जन्मली. ती नवे वाडगे घडवायची!

दोघींची रोज जुंपायची.

"आई, एकदा माझ्या वाडग्यातून पिऊन तर बघ."

"शंभर वर्षं मुरू दे त्याला. मग पिते."

"मग जग शंभर वर्षं! तोवर लाव ओठ तुझ्या त्या तडकलेल्या म्हाताऱ्यांना."

"मावशीला विक जा. तिला काहीही चालतं."

आम्ही तिघी हसायचो. भांडण असं कधी नव्हतंच ते. माझ्या दुकानातून मिनोरीचे वाडगे भराभर जायचे. कुणी हातात घेऊन प्यायलं की ही मागून डोकावायची आणि विचारायची, "ओठांना जाड लागतंय का?" प्रत्येकाला हेच. गिऱ्हाईक "नाही गं, छान आहे" म्हणालं की समाधानानं आत निघून जायची.

दोन वर्षांपूर्वी शरदात ती गेली. भट्टी लावता लावता डोक्यातली शीर फुटली. शेजारच्या बाईला ती भट्टीच्या भिंतीला टेकून बसलेली दिसली. हाताला ओली माती तशीच होती.

एकतिसावं लागलं होतं पोरीला.

ताई रडली नाही. विधी झाले, माणसं पांगली. मग एके दिवशी ती तिच्या कपाटासमोर उभी राहून म्हणाली, "चिझु, या घरात तिच्या हातचा एकही वाडगा नाही गं."

खरंच नव्हता. सगळे विकले गेले होते.

त्याच आठवड्यात नागातोच्या देवळातल्या रित्सुएबाई दुकानात आल्या. पुजाऱ्यांची बायको, अगदी साधी बाई. मिनोरीचा एक वाडगा त्यांनी नेला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या...

"तुमची भाची आमच्याकडे येते."

मला वाटलं, स्वप्नात.

"स्वप्नात नाही हो. मी चहा पिते, वाडगा खाली ठेवायला जाते... आणि मागून ती विचारते, ओठांना जाड लागतंय का. वळून बघते तर कुणी नाही."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? नाही बाळा, छान आहे, असं म्हणते. मग आवाज थांबतो."

मी हे ताईला सांगितलं. का सांगू नये? आई आहे ती.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती उठली, कपाटातून एक पेटी काढली. आत चारशे वर्षांचा वाडगा. तो मिळवण्यासाठी तिनं किती वर्षं घालवली होती ते मलाच ठाऊक.

"हा त्यांना दे. आणि तिचा घेऊन ये."

"ताई, शुद्धीत आहेस का?"

"परक्यांच्या घरी जातेय ती, चिझु. घरी यायची वाट सापडत नसेल तिला. मी आणते घरी."

आणि ती आणू लागली. एकेका घरी जायची, वाकून नमस्कार करायची, जुना वाडगा पुढे ठेवायची, मिनोरीचा मागायची. देणारे गोंधळून जायचे. असा सौदा कुणी करतं का? पण जवळजवळ प्रत्येक घरात देताना माणसं जरा घुटमळायची. यामागुचीचं एक तरुण जोडपं तर रडलं. त्यातली मुलगी म्हणाली, "आता संध्याकाळी घर ओकंओकं वाटेल."

म्हणजे त्यांच्याकडेही...

ताईचं कपाट जुन्यांचं रिकामं होत गेलं आणि मिनोरीच्या वाडग्यांनी भरत गेलं. रोज तिन्हीसांजेला ती शेगडी पेटवायची. एक वाडगा काढायची. रवीनं चहा घुसळायची, प्यायची, आणि खाली ठेवण्याआधी थांबायची.

वाट बघायची.

काही नाही.

मीही प्यायले तिच्याबरोबर. काही नाही. उलट, आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि अंगावर काटा आला...

त्या घरातले आवाज कमी होत चालले होते.

शेगडीवर लोखंडी किटली तापली की गुणगुणते, पाइनच्या झाडांतून वारा वाहावा तशी. ताईची किटली वाफ सोडायची, पण गुणगुणायची नाही. भिंतीवरचं घड्याळ चालू असायचं, टिकटिक ऐकू यायची नाही. एक एक वाडगा घरात येत होता, तसतसं घर मुकं होत होतं. आणि ते वाडगे... ताई रोज चहा प्यायची त्यांतून, पण एकावरही डाग चढेना. जणू आत्ताच भट्टीतून काढलेत.

"राहिलेला एक आणला की येईल ती," ताई म्हणायची. "अर्धीमुर्धी कशी येईल?"

तो राहिलेला वाडगा कुरामित्सू गुरुजींकडे होता. शाळामास्तर होते. बायको गेलेली, नजरही जवळजवळ गेलेली. त्यांनी आमच्या प्रत्येक निरोपाला नकार दिला होता. म्हणून त्या बर्फाच्या दुपारी आम्ही दोघी त्यांच्या दारात उभ्या राहिलो.

गुरुजींनी आत घेतलं. ताईनं आणलेली पेटी त्यांनी उघडलीही नाही.

"मला जुनं काय आणि नवं काय, दिसत नाही," ते हसून म्हणाले. "आधी चहा घ्या. मग काय ते बोलू."

हातांनी चाचपत त्यांनी चहा केला. एकही थेंब सांडला नाही. वाडगा ताईसमोर ठेवला. मिनोरीचाच. पण याचा रंग बदललेला होता. आतून उबदार तपकिरी, पिकल्या पर्सिमनच्या फळासारखा. ताईनं तो दोन्ही हातांत धरला, जरासा फिरवला, आणि ती प्यायली.

बाहेर बर्फ पडत होता. आवाज नव्हता कसलाच.

मग...

"ओठांना जाड लागतंय का?"

माझ्या पाठीमागून. अगदी जवळून. तोच आवाज, किंचित घोगरा, भट्टीच्या धुराचा.

मला मान वळवता येईना.

गुरुजींनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं, आणि सवयीनं बोलावं तसे म्हणाले, "आज मी नाही प्यायलो, पोरी. पाहुण्या प्यायल्यात."

ताईनं चमकून विचारलं, "कुणाशी बोलताय?"



तिला ऐकू आलं नव्हतं.

"ताई..." मी तिच्याकडे सरकले. "ती आलीये. विचारतेय, जाड लागतंय का."

ताईनं वाडगा खाली ठेवला. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग समोरच्या रिकाम्या चटईकडे बघून, इतक्या हळुवार आवाजात म्हणाली की मला तो आजही सहन होत नाही.

"नाही गं राणी. अगदी बरोबर आहे. मुरायची गरजच नव्हती."



आणि पुन्हा...

"ओठांना जाड लागतंय का?"

"काय म्हणाली?" ताई. "काय म्हणाली, सांग ना!"

तोच प्रश्न होता. उत्तर पोचलंच नव्हतं. आईला लेकीचा आवाज येत नव्हता, आणि लेकीला आईचा.

गुरुजींनाही कळलं ते. ते सावकाश म्हणाले, "पोरी, तुझी आई प्यायली. छान आहे म्हणते."

 मला वाटलं, गेली.

"आई?... कुठंय आई?"

"इथेच आहे. तुझ्यासमोर बसलीये," गुरुजी म्हणाले.

मग पावलं वाजली. ताईजवळ आली, तिच्या अगदी पुढ्यात थांबली... आणि पुढे निघून गेली. शेजारच्या खोलीचं सरकतं दार उघडल्याचा आवाज आला. दार मात्र जागचं हललं नव्हतं. मग पुढच्या खोलीचं. मग त्याच्या पुढचं.

"चिझु! बोल काहीतरी!"

"शोधतेय, ताई. तुला शोधतेय."

ताई उठली. साठीची बाई, चटईवर पाय घसरत धावली. "मिनोरी! इथे आहे मी! इकडे बघ!" ती दारं धडाधड उघडत सुटली. ती माजघरात जायची तेव्हा पावलं स्वयंपाकघरात वाजायची. ती स्वयंपाकघरात पोचली की आवाज ओसरीवरून यायचा.

"डावीकडे!" गुरुजी ओरडत होते. "आता मागे! मागे वळा, बाई!"

लहानपणी आम्ही आंधळी कोशिंबीर खेळायचो. तसंच होतं ते. फक्त दोघींच्याही डोळ्यांवर पट्टी होती.

शेवटी घराच्या टोकाला एक दार वाजलं. त्यानंतर काहीच नाही.

ताई ओसरीसमोर सापडली. अनवाणी, बर्फात गुडघे टेकून बसलेली. तेव्हा ती रडली. मिनोरी गेल्यावर पहिल्यांदा.

गुरुजींचा वाडगा तिनं मागितला नाही. घरी आल्यावर तिनं मिनोरीचे सगळे वाडगे एकेका घरी परत नेऊन दिले. जुने परत मागितले नाहीत. मी वेड्यात काढलं तिला.

"तिथे तिला उत्तर देणारं कुणीतरी आहे, चिझु. माझ्याकडे काय आहे?"

प्रत्येक दारात तिनं एकच विनंती केली. ती आली तर सांगा, आईच्या घराची दारं उघडी आहेत.

आणि ती खरंच उघडी ठेवते. सगळी. थंडीवाऱ्यातसुद्धा. ओसरीवरून बर्फ चटईपर्यंत येतो. शेजारी कुजबुजतात. ताई दोन कोट घालून शेगडीपाशी बसते.

रित्सुएबाईंचा फोन आला होता. मिनोरी पुन्हा येते, म्हणाल्या. ताईचा निरोप त्यांनी सांगितला तिला. ऐकून गप्प झाली.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी मी ताईकडे गेले. दुकानातल्या साध्या वाडग्यांतून आम्ही चहा प्यायलो. ताई किटलीत पाणी घालायला वाकली, आणि तेवढ्यात...

घराच्या पार टोकाला दार सरकल्याचा आवाज आला.

त्या घरात सरकवायला एकही दार मिटलेलं नव्हतं.

मग दुसरं. मग तिसरं, आणखी जवळ. पावलं आमच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली. थांबली. मला ओल्या मातीचा वास आला. मी सांगायला तोंड उघडलं. ताई तिथेच होती, पावलांपासून हातभर अंतरावर, पाठमोरी.

पावलं वळली. आली तशी परत गेली.

ताईनं किटलीवर झाकण ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं गं? अशी का बघतेस?"

"काही नाही. वारा होता."

"थंडी वाजतेय ना तुला? दारं लावू का जरा?"

मी तिचा हात घट्ट धरला.

"नको, ताई. राहू देत उघडी."