गरम दट्ट्याचं माप

बाबांनी इंजिनाचा छोटा सिलिंडर उचलला, फडक्याने पुसला आणि थोरलीच्या नाकासमोरून नेऊन थेट जावयाच्या हातात ठेवला.

"दट्ट्या तू कर," ते म्हणाले. "जमेल तुला."

थोरली चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. ट्रे तिने आपटला नाही, एवढं मात्र खरं. पण दोन कपांतला चहा बशांत उतरला, आणि तिसरा कप ती आल्या पावली परत घेऊन गेली, कारण तो तिचा स्वतःचा होता आणि त्या खोलीत बसून तो पिण्याची तिची इच्छाच मेली होती. दट्ट्या! सगळं इंजिन एका पारड्यात आणि तो मुठीत मावणारा दट्ट्या दुसऱ्या पारड्यात, असं बाबाच तर म्हणायचे. चाकं काय, नळ्या काय, ती कुणीही करावीत; पण सिलिंडरमध्ये दट्ट्या असा बसला पाहिजे की आत-बाहेर लोण्यासारखा फिरावा आणि तरी त्याच्या कडेने वाफ निसटू नये. ज्याने दट्ट्या केला, इंजिन त्याचं. आणि हा दट्ट्या थोरलीचा होता... निदान आजवर तिची तशी समजूत होती.

इंजिन काही रुळांवरून धावणारं नव्हे. स्वयंपाकाच्या ओट्यावर मावेल एवढं वाफेचं इंजिन, त्याला दुधाच्या पातेल्याएवढा बॉयलर आणि ताटलीएवढं एक चाक. बाबांनी सारा जन्म कारखान्यात लेथवर काढला, दुसऱ्यांच्या यंत्रांचे सुटे भाग केले, आणि निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत जुना लेथ मांडून ठरवलं की आता एक अख्खं यंत्र करायचं, पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या झडपेपर्यंत आपल्या घरचं. त्या लेथशी थोरली लहानपणी खोक्यावर उभी राहून शिकली होती. आई गेली तेव्हा तिचं शाळेचं वय होतं. एका हाताने तिने घर धरलं, दुसऱ्या हाताने धाकटीला वाढवलं, आणि उरलेल्या वेळात, जो मुळात उरतच नव्हता, ती बाबांच्या शेजारी उभी राहून धातू कातायला शिकली. पुढे बाबांच्याच कारखान्यात, हत्यारं नि साचे घडवतात त्या टूलरूममध्ये लागली. धाकटीचं लग्न तिने हौसेने लावलं, स्वतःचं राहून गेलं, आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. तिचं मागणं एकच होतं: संध्याकाळी कामावरून यावं, एप्रन चढवावा आणि बाबांच्या डाव्या हाताला उभं राहावं.

त्या डाव्या हाताला आता चष्मेवाला उभा असायचा.

चष्मेवाला म्हणजे धाकटीचा नवरा. चष्म्यांच्या दुकानात कामाला, राहायला दोन गल्ल्या पलीकडे. एकदा सासऱ्यांना एक बोल्ट धरून द्यायला म्हणून आत गेला आणि पुन्हा बाहेर पडलाच नाही, असं थोरली धाकटीला हसत हसत सांगायची. हसू फक्त ओठांवर असायचं. सुरुवातीला बाबा त्याला "जावईबापू, तुम्ही जरा हे धरता का" असं म्हणायचे. मग "जावईबापू" गेलं. मग एक दिवस ताटं वाढता वाढता तिला मागच्या खोलीतून ऐकू आलं, "अरे, असं नाही रे, इकडून लाव!" त्या "अरे"ने तिच्या काळजात जी कळ उठली, ती लेथच्या चटक्याने कधी उठली नव्हती.

आणि शाबासकी! जन्मात ज्या तोंडातून तिने "बरं झालंय" यापलीकडे काही ऐकलं नव्हतं, ते तोंड आता उठता-बसता त्याला शाबास म्हणत होतं. त्याने साधी कडी घासली तरी बाबा ती उजेडात न्यायचे, मायक्रोमीटर लावायचे, इकडून मोजायचे, तिकडून मोजायचे, पुन्हा चष्मा पुसून मोजायचे. तिने केलेला भाग मात्र हातात घेतला की बघायचेसुद्धा नाहीत; सरळ जागेवर बसवून मोकळे. मत्सर वाईट, हे तिला कळत होतं. धाकटीचा संसार सुखाचा आहे, जावई गुणी आहे, सासऱ्याला जीव लावतो आहे, आणखी काय हवं, असं ती मनाला बजावायची, आणि मन तिचं ऐकून घेऊन पुन्हा आपल्या जागी जाऊन जळत बसायचं.

दट्ट्या कातायचं ठरलं ते सुट्टीच्या दिवशी. जेवणं झाली, बाबा जरा आडवे झाले. चष्मेवाला एकटाच लेथवर होता, जीभ दातांत धरून, एकेक कात घेत, पितळेचा पापुद्रा काढत. थोरली वाळलेले कपडे घड्या करायचं निमित्त काढून दारात बसली. त्याचा हात वाईट नव्हता, हे तिला मान्य करावं लागलं आणि त्यानेच तिचा जास्त जळफळाट झाला.

शेवटचा कात झाला. पितळेचा दट्ट्या त्या कातण्याने चांगला तापलेला होता. त्याने बोट लावलं नि झटकन मागे घेतलं, ते तिने पाहिलं. तापलेला धातू फुगलेला असतो. तेव्हा घेतलेलं माप खोटं. तो निवला की आकसतो. म्हणून या घरात शेवटच्या कातापूर्वी लेथ बंद करून चहा प्यायची रीत होती, आणि ती रीत तिच्या इतकी अंगवळणी पडली होती की कुणाला ती शब्दांत सांगावी लागते, हे बाबांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. चष्मेवाल्याला वाटायचं, म्हाताऱ्याला चहाची तलफ आहे.

त्याने तशाच गरम दट्ट्यावर मायक्रोमीटर लावला आणि मोठ्या विश्वासाने तिच्याकडे वळला. "ताई, जरा बघता? आलं ना माप?"

तिने जाऊन पाहिलं. मायक्रोमीटरवर हवा तोच आकडा होता. म्हणजे निवल्यावर दट्ट्या केसाच्या निम्म्या जाडीपेक्षाही कमी आकसणार होता, पण वाफ निसटायला तेवढं पुरेसं होतं. तिच्या जिभेवर एकच वाक्य आलं होतं: थांबा, गार होऊ द्या. ते तिने गिळलं.

"आकडा तर बरोबर आहे," ती म्हणाली.

एक अक्षर खोटं बोलली नाही ती! आणि तरी एकाच सदऱ्याची घडी ती तीनदा मोडून पुन्हा घालत होती.

सगळं जोडून झालं त्या संध्याकाळी धाकटी आली, शेजारचे शिंपीकाका सहकुटुंब आले, आणि मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. बॉयलरखाली ज्योत पेटली. पाणी गुणगुणू लागलं, दाबाचा काटा चढला, बाबांनी चष्मेवाल्याला झडप उघडायला सांगितली. चाक एकदा फिरलं, अडखळत दुसऱ्यांदा फिरलं... आणि दट्ट्याच्या कडेने वाफ फुसफुसत निघून गेली. हाताने ढकललं तर चाक बिचारं एक गिरकी घ्यायचं आणि पुन्हा मान टाकायचं. शिंपीकाका म्हणाले, हे इंजिन आहे की माझी इस्त्री? लोक हसले, त्यात वाईट काही नव्हतं. पण चष्मेवाल्याचा चेहरा पार उतरला.

थोरलीने या क्षणाची वाट पाहिली होती, आणि तो आल्यावर तिच्या लक्षात आलं की यात गोड असं काहीच नाही. आता हा सांगणार, ताईंना विचारलं होतं. ती सांगण्याची वाट पाहत उभी राहिली.

"माझी घाई झाली," चष्मेवाला म्हणाला. "माझाच हात चुकला."

"हात कसला चुकतोय," बाबा म्हणाले. "सांगायचं ते मी सांगितलं नाही. चूक माझी."

दोघे एकमेकांची चूक ओढून घेत होते, आणि जिची होती ती भिंतीला टेकून गप्प होती. पाहुणे पांगले. धाकटी कप विसळायला गेली. तेव्हा कुठे थोरलीला कंठ फुटला.

"बाबा, त्यांनी मला विचारलं होतं. दट्ट्या गरम होता. मला दिसत होतं. मी बोलले नाही... मुद्दामच बोलले नाही."

चष्मेवाल्याने मान खाली घातली. बाबांनी बॉयलरची ज्योत विझवली, स्टूल ओढलं, बसले. त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. तो त्यांनी डाव्या हाताखाली दाबून धरला, आणि त्या दाबून धरण्यात कितीतरी दिवसांची सवय दिसली. थरथर तिला ठाऊक होती; ती ते असे लपवत आले, हे ठाऊक नव्हतं. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"का गं?" एवढंच ते म्हणाले.

मग जे बाहेर पडलं त्याला धरबंध राहिला नाही. ते "अरे", त्या शाबासक्या, ती जागा, तो दट्ट्या... "त्यांची एकेक वस्तू तुम्ही दहा-दहा वेळा न्याहाळता बाबा! माझ्या कामाकडे कधी डोळा उचलून पाहिलंत?"

बाबांना प्रश्नच कळला नाही.

"तुझं काय मोजायचं?" ते म्हणाले. "तू केलंय म्हटल्यावर ते बरोबरच असतं. याचं मोजावं लागतं, म्हणून शाबास म्हणावं लागतं. तुला शाबास म्हणणं म्हणजे... स्वतःलाच म्हटल्यासारखं वाटतं गं."

बाबा थांबले नाहीत. इतके दिवस दाबलेलं त्यांनाही आता दाबवेना. कारखान्याचे फोरमन त्यांना न्हाव्याकडे भेटले होते. दुसऱ्या शहरातल्या नव्या कारखान्याची सगळी टूलरूम थोरलीच्या हाती द्यायची ठरली होती आणि तिने दोनदा नकार दिला होता. घरी म्हातारा बाप एकटा, हात चालत नाही, असं सांगून. बापाला मात्र पत्ता लागू दिला नव्हता.

"इथे माझ्या हाताशी दुसरं कुणी उभं राहिल्याशिवाय तू हलणार नाहीस, हे मला ठाऊक होतं," बाबा म्हणाले. "म्हणून याला धरला. मला काय हौस होती तुझ्या जागी कुणाला बघायची?"

"आणि मी दिवसभर काय ऐकतो, सांगू का ताई?" चष्मेवाला हळूच म्हणाला. "थोरली असं धरते. थोरली असं कातते. थोरलीला हे दाखवावं लागलं नसतं. मला तर तुमचा रागच यायला लागला होता."

रडता रडता तिला हसू फुटलं. धाकटी ओले हात घेऊन दारात आली आणि कुणाला काय झालं ते न कळता तीही रडायला लागली.

पुढच्या सुट्टीला दुसरा दट्ट्या चष्मेवाल्यानेच कातला. थोरली शेजारी उभी होती, हात पाठीमागे बांधून, आणि ते तसे बांधून ठेवणं तिच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम होतं. मधे एकदा चहा झाला. संध्याकाळी झडप उघडली तेव्हा चाक एकदा दचकलं आणि मग जे फिरू लागलं ते थांबेचना. टकटक, टकटक, सगळी खोली त्या आवाजाने भरून गेली. चष्मेवाला वेड्यासारखा टाळ्या पिटत होता. बाबांनी त्याच्या पाठीत एक जोरात थाप मारली. थोरलीच्या काळजात पुन्हा ती जुनी कळ आलीच. ती काही एका आठवड्यात जाणारी नव्हती. पण तिने ती येऊ दिली.

"बाबा," ती म्हणाली, "मी फोरमनना हो म्हणून कळवलंय."

"छान केलंस," बाबा म्हणाले. इंजिनाला तेलाचा थेंब द्यायला ते वाकले. मग मान वर न करताच त्यांनी विचारलं, "तिथे तुझ्या वरती कोण असणार?"

"आहेत कुणी मास्तर. फार मोठे जाणकार आहेत म्हणे. मला बरंच शिकायला मिळेल, असं फोरमन म्हणाले."

"शिकायला?" बाबांनी तेलाची बुधली खाली ठेवली. "तुला काय शिकवणार तो? लेथवर उभा तरी राहिलाय का कधी? आजकाल सगळे खुर्चीत बसून जाणकार होतात. वय काय आहे त्याचं?"

तो आवाज, तो चिडका, आंबट, लहान मुलासारखा आवाज थोरलीच्या चांगल्या ओळखीचा होता. कितीतरी महिने ती तोच आवाज आपल्या छातीत ऐकत आली होती. आयुष्यभर ज्या शाबासकीसाठी ती तहानलेली राहिली, तीच तर ही होती... आणि बाबांना ती आपण दिली हेही कळलं नव्हतं!

तिने पुढे होऊन त्यांचा थरथरता हात दोन्ही हातांत घेतला.

"म्हातारे आहेत हो ते, बाबा," ती म्हणाली. "आणि त्यांना फारसं काही येत नसणार."

"तेच म्हणतोय मी," बाबा म्हणाले, आणि डोळे पुसायला त्यांनी तेलाचं फडकंच उचललं.